‘गोवा एवढासाच तर आहे’ म्हणणाऱ्यांनो, या चुका टाळा

माझं माहेर सांगली, सासर गोव्यातला फोंडा. त्यामुळे दर मे महिन्यात आणि दर डिसेंबरात माझा फोन म्हणजे चौकशी खिडकी होते. प्रश्न ठरलेले, चुकाही ठरलेल्या. नवीन चुका केल्यात तर निदान माझी करमणूक तरी होईल.

सगळ्या चुकांची आई म्हणजे हे वाक्य: "गोवा एवढासाच तर आहे!"

आहे एवढासा. ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सांगली जिल्ह्याच्या निम्माही नाही. पण पूर्वेकडचा मोठा भाग सह्याद्रीच्या रानात गेलाय. माणसं दाटलीत ती बारदेश, तिसवाडी, मुरगाव आणि सासष्टी या समुद्राकडच्या चार तालुक्यांत. वर्षाला एक कोटीच्या वर पाहुणे येतात, त्यातले बहुतेक तिथेच. एक गाव कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं, कळत नाही. रस्ता लोकांच्या पडव्यांना घासत जातो, वळणावर खुरीस म्हणजे क्रूस, पुढे पाववाला पोदेर सायकलवर. त्याला हॉर्न मारून काही उपयोग नसतो, तो त्याच्या चालीनेच जाणार.

माझा चुलतभाऊ मुंबईला असतो. नाताळच्या आठवड्यात यायचं ठरलं आणि व्हॉट्सॲपवर त्याचा बेत आला: ‘दिवस दुसरा. सकाळी आग्वाद किल्ला, दुपारी ताईकडे जेवण आणि मंगेशी, संध्याकाळी पाळोळ्याला सूर्यास्त.’ म्हटलं, यातलं एक काहीतरी खोड. तर म्हणे, "ताई, मॅपवर सगळं बसतंय."

बरं, हॉटेल पाळोळ्याला आणि विमान मोपाचं. का, तर चौघांच्या तिकिटात तीन हजार वाचले. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, हे त्याच्या गावीच नव्हतं. दाबोळी वास्कोजवळ. मोपा पेडण्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. तिथून विमानं सुटू लागली जानेवारी २०२३ मध्ये. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. आणि पाळोळे आहे काणकोणात, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला, मोपापासून जवळजवळ शंभर किलोमीटर. संध्याकाळी सहाला उतरलेली मंडळी साडेदहाला हॉटेलवर पोचली. धाकटीला दोनदा ओकारी झाली, हॉटेलचं स्वयंपाकघर बंद. वाचलेले तीन हजार टॅक्सीवाल्याला गेले, वर आणखी थोडे.

दुसऱ्या दिवशी आग्वादला पोचायला दुपारचा एक वाजला. गाडी लावायला अर्धा तास, किल्ला वीस मिनिटं. मी इकडे बांगडे तळून, सोलकढी करून बसलेली. साडेचारला आले, घड्याळाकडे बघत जेवले, मंगेशी राहिलीच. साडेपाचला निघाले. सूर्यास्त त्यांनी बोरीच्या पुलावर बघितला, एका ट्रकच्या मागून. वहिनीने तो फोटोसुद्धा पाठवला मला. फोटोत ट्रकचा नंबर स्पष्ट आहे.

माझी सवय सांगते. पाहुण्यांचा बेत आला की मी कागदावर दोन रेघा मारते: वरची मांडवी, खालची झुवारी. मांडवीच्या वर बारदेश-पेडणे. मधे पणजी, जुनं गोवा आणि आमचा फोंडा. झुवारीच्या खाली मडगाव, वास्को, काणकोण. दिवसाला एकच नदी ओलांडायची. चार दिवसांची सुट्टी असेल तर मुक्काम एकाच बाजूला, दुसरी बाजू पुढच्या वर्षी. हे कुणीच ऐकत नाही, पण मी रेघा मारते.

रेल्वेचंही तेच. बारदेशातल्या कळंगुटला राहणारे मडगावचं तिकीट काढतात, कारण तेवढंच नाव ठाऊक असतं. कोकण रेल्वेने येत असाल तर थिवीला उतरा. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने येणाऱ्यांना मात्र मडगाव किंवा वास्कोच. ती कॅसलरॉकवरून घाट उतरते, तेव्हा खिडकी सोडू नका.

दुसरी माझी आवडती चूक: पांढऱ्या पाटीची स्कूटर. भाड्याने चालवायला देतात त्या गाडीची नंबरपाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढरी पाटी म्हणजे कुणाची तरी घरची गाडी, जी भाड्याने देणं बेकायदा आहे. माझ्या भाच्याने दिवसाला शंभर रुपये वाचतात म्हणून मुक्कामाच्या शेजारच्याकडून तशी गाडी घेतली. म्हापशात पोलिसाने अडवलं. "कुणाची गाडी?" "मित्राची." "मित्राचं नाव?" चिरंजीव गप्प. कागदावर नाव एका बाईंचं निघालं. गाडीवाल्याचा फोन बंद. दंड, अर्धा दिवस आणि उन्हात उभं राहणं, सगळं शंभर रुपयांपायी. हा दंडावर सुटला. अपघात झाला असता तर विमा कंपनीने हात वर केले असते. मी स्वतः पैसे देण्याआधी पाटी, टायर आणि जुन्या ओरखड्यांचे फोटो काढते. गाडीवाला वैतागतो. वैतागू दे.

बाकीच्या पटापट.

ओला-उबर उघडून बसू नका, इथे त्या नाहीत. टॅक्सीचं भाडं बसायच्या आधी ठरवा. एकटे असाल तर पायलट, म्हणजे मोटरसायकलवाला, स्वस्त पडतो.

पणजी-म्हापसा, पणजी-मडगाव शटल बस उत्तम. पण रात्री आठनंतर बसच्या भरवशावर राहू नका.

दुपारी एक ते साडेतीन-चार दुकानं बंद. शटर वाजवू नका, माणूस झोपलाय.

मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा इथे हाफ पँटवर येऊ नका. गाडीत एक लुंगी ठेवा.

जून-जुलैमध्ये ट्रॉलरना मासेमारी बंद असते. तेव्हा ‘ताजा इसवण’ (म्हणजे सुरमई) म्हणून ताटात काय येतं ते विचारू नका, मागवूच नका.

पावसाळ्यात समुद्रात उतरू नका. "आम्ही कृष्णेच्या पुरात पोहलेली माणसं" हे लाल झेंड्यापाशी सांगून उपयोग नाही.

स्वस्त दारूच्या बाटल्या भरून बांद्याच्या पुढे, महाराष्ट्रात नेऊ नका. नेल्यात तर मला फोन करू नका.

आणि फोंडा म्हणजे कुठला फोंडा, ते निघण्याआधी नीट बघा. आमचे आत्तोबा राधानगरीवरून गाडीने निघाले. सकाळी अकराला फोन: "आलो बघ फोंड्याला! घर कुठं?" मी विचारलं, समोर काय दिसतंय? म्हणाले, घाट. फोंडाघाट म्हणजे कणकवली तालुका, सिंधुदुर्ग जिल्हा. म्हटलं, चहा घ्या आणि तीन-साडेतीन तास गाडी चालवा. जेवायला केलेल्या घावनांचे दुपारी पाच वाजता पापड झाले होते.