ऑफिसचा सर्व्हर बंद पडला की पहिला मेसेज आपल्याला यायला पायजे

बेळगावच्या उद्यमबागची फौंड्री घ्या नाहीतर खानापूर-निपाणीकडची सोसायटी घ्या, कोपऱ्यात एक सर्व्हर असतोय, त्यावर टॅली नाहीतर बिलिंग चालतंय, आणि तो रात्रीच बंद पडलाय हे सकाळी काउंटरवर माणसं उभी राहिल्यावर कळतंय. हे टाळता येतंय, खर्च पण फार नाही.

बरेचजण मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर त्याच सर्व्हरवर नाहीतर शेजारच्या पीसीवर टाकतात. मग लाईट गेली किंवा रस्ता खोदताना फायबर तुटली की दोन्ही एकदम गप्प, मेसेज पाठवणार कोण? म्हणून बघणारा बाहेरच पायजे. एक छोटा क्लाऊड सर्व्हर भाड्यानं घ्या, त्यावर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि अपटाइम कुमा हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर चालवा, फुकट आहे आणि ३००१ पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या नंबरच्या दारावर, ब्राउझरमध्ये उघडतंय. डेटाचा फोल्डर व्हॉल्यूम म्हणून कंटेनरच्या बाहेर, सर्व्हरच्या डिस्कवर जोडा, नाहीतर कंटेनर नवा केला की सगळं सेटिंग गेलं. अॅडमिनचा पासवर्ड लगेच त्याच वेळी करायचा, उद्यावर टाकायचं नाही.

आता खरी अडचण. लहान ऑफिसच्या ब्रॉडबँडला बहुतेक वेळा स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेटचा पत्ता, नसतोय, त्यामुळं बाहेरून पिंग करून, म्हणजे हाक मारून, बघता येत नाही, आणि त्याच्यासाठी राउटरवर पोर्ट उघडून ठेवणं मला अजिबात पटत नाही. त्यापेक्षा कुमात पुश नावाचा मॉनिटर, म्हणजे एक तपासणी, तयार करा. तो एक लिंक देतोय, ऑफिसच्या सर्व्हरवर क्रॉन (लिनक्सवर ठरल्या वेळी काम चालवणारं) लावून दर मिनिटाला ती लिंक कर्ल या कमांडनं उघडायची, विंडोज असेल तर टास्क शेड्यूलरमधनं. ही झाली सर्व्हरची हजेरी. ती आली तर ठीक, थांबली की अलर्ट. मध्यांतर ६० सेकंद ठेवलं तर रिट्राय, म्हणजे अलर्टआधी परत बघणं, ३ तरी द्या, एखादी हजेरी चुकली म्हणून रात्री उठवायला नको.

पण हजेरी थांबली म्हणजे नेमकं काय गेलं? यासाठी ऑफिसातच एखादा जुना लॅपटॉप नाहीतर रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर ठेवा आणि त्याची वेगळी हजेरी लावा. पायची येतेय आणि सर्व्हरची नाही, तर सर्व्हर गेला. दोन्ही थांबल्या तर इंटरनेटची लाईन किंवा लाईट गेली. जांबोटीकडं पावसाळ्यात तीस किलोमीटर गाडी घालायच्या आधी एवढं कळलं तरी पुष्कळ झालं की! आणि राउटर, स्विच, फायबरचा डबा हे सगळं यूपीएसवर घ्या, नुसता सर्व्हर घेऊन उपयोग नाही, कारण लाईट गेल्याचा मेसेज बाहेर जायला रस्ताच राहत नाही. यूपीएसला यूएसबी असेल तर नट (NUT) हे टूल जोडा, बॅटरीवर गेल्या गेल्या ते कळवतंय आणि बॅटरी संपत आली की सर्व्हर नीट बंद पण करतंय.

डिस्कचं पण अशाच पुशच्या लिंकमधनं होतंय. स्क्रिप्टमध्ये आधी डिस्क बघा, ८५ टक्क्याच्या वर गेली असेल तर लिंकमध्ये स्टेटस डाऊन आणि सोबत दोन शब्दांचा निरोप पाठवा. फक्त ही लिंक वेगळ्या मॉनिटरची घ्या, हजेरीत मिसळू नका.

बॅकअपला मात्र मी सगळ्यात जास्त जपतो. बॅकअपच्या स्क्रिप्टची शेवटची ओळ म्हणजे पुशची लिंक, आणि ती बॅकअप खरंच यशस्वी झाला तरच उघडायची. रोजचा बॅकअप असेल तर मध्यांतर ९०००० सेकंद, म्हणजे २५ तास, एक तास वर सोडलेला. गणपतीत ऑफिस बंद असताना बॅकअप थांबला तर लोक परत यायच्या आधी कळायला पायजे.

अलर्टसाठी टेलिग्रामवर बॉटफादर या टेलिग्रामच्याच खात्याकडनं बॉट (आपोआप मेसेज पाठवणारं खातं) करा, त्याचा टोकन (बॉटची किल्ली) आणि चॅट आयडी (ग्रुपचा नंबर) कुमात टाका. ग्रुप दोन करा. सर्व्हर गेला, लाईन गेली हे पहिल्यात, त्याचा आवाज रात्री पण चालू. डिस्क भरत आलीय, वेबसाइटचं सुरक्षा सर्टिफिकेट संपत आलंय हे दुसऱ्यात, सकाळी बघायचं. सगळं एकाच ग्रुपमध्ये टाकलं की आठवड्यात लोक म्यूट करतात, मग खरा अलर्ट पण कोण बघत नाही.

कुमाच बंद पडला तर? ऑफिसातल्या पायवर दुसरा कुमा टाका आणि त्याला बाहेरच्याचं पान तपासायला लावा, दोघं एकमेकांवर लक्ष ठेवतात.

सगळं झालं की दिवसाढवळ्या, ऑफिसात सांगून, काम नसताना सर्व्हरची लॅन केबल काढा. चारपाच मिनिटात मेसेज यायला पायजे, केबल लावल्यावर चालू झाल्याचा पण. नाही आला तर आधी क्रॉन बघा, मग बॉट त्या ग्रुपमध्ये आहे का ते बघा.