सिक्युरिटी स्कॅन कोरा आला? हुरळून जाण्याआधी या चुका टाळा

जावास्क्रिप्ट प्रोजेक्टच्या पाइपलाइनमध्ये (कोड आपोआप तपासून बिल्ड करणाऱ्या साखळीत) सुरक्षेच्या त्रुटी शोधणारा स्कॅनर बसवला, हिरवी टिक आली, रिलीज झालं. स्कॅनरने काही पकडलं नाही म्हणजे कोडमध्ये काही नाही, असं सगळे धरून चालतात. त्याने मुळात वाचलं काय, हे मात्र कुणी बघत नाही.

जावास्क्रिप्ट कोड नियमांनुसार तपासणाऱ्या ईएसलिंटचंच घ्या. २०२४ मध्ये आलेल्या आवृत्ती ९ पासून कॉन्फिग फाइलची पद्धत बदलली. अपग्रेड करताना नवी फाइल आली आणि जुन्या पद्धतीची कॉन्फिग, म्हणजे आरसी फाइलही तशीच राहिली, तर जुनीतले सिक्युरिटीचे नियम मुकाट्याने गळतात. एरर नाही, काही नाही. शिवाय नव्या पद्धतीत टाइपस्क्रिप्टच्या (टाइप्स जोडलेल्या जावास्क्रिप्टच्या) फाइल्स तपासायला वेगळं सांगावं लागतं. निम्मा कोड टाइपस्क्रिप्टमध्ये असेल, तर त्या निम्म्याचा रिपोर्ट कोरा येणारच! तिसरी भानगड अशी की ईएसलिंटच्या सिक्युरिटी प्लगइनचे शिफारस केलेले नियम 'वॉर्निंग' पातळीवर असतात आणि नुसत्या वॉर्निंगने बिल्ड पडत नाही. ईएसलिंट चालवताना मॅक्स-वॉर्निंग्ज हा पर्याय शून्य ठेवा, नाहीतर ते नियम एरर करा.

खात्री करायचा उपाय सोपा आहे. वेगळ्या ब्रँचवर, तुमच्या नेहमीच्या फोल्डरमधल्या टाइपस्क्रिप्ट फाइलमध्ये, यूआरएलमधला हॅश (# नंतरचा भाग) थेट ईव्हॅलला, म्हणजे मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनला, देणारी एक ओळ मुद्दाम लिहा आणि पुश करा. बिल्ड लाल झालं नाही, तर तुमचा स्कॅनर नावापुरता आहे. कॉन्फिग बदलली की दरवेळी हे करून बघा.

आता उलटी चूक: स्कॅनरने बरोबर पकडलेलं 'फॉल्स पॉझिटिव्ह' (खोटा इशारा) म्हणून उडवून लावणं. दिलेला मजकूर एचटीएमएल म्हणून पानात घालणाऱ्या इनर-एचटीएमएलच्या बाबतीत हे फार होतं. स्कॅनर ओरडतो की युजरने दिलेला मजकूर इनर-एचटीएमएलमध्ये जातोय. डेव्हलपर इनपुटमध्ये स्क्रिप्ट टॅगमधला अलर्ट टाकून बघतो, काहीच होत नाही, आणि तिकीट बंद करतो. पण इनर-एचटीएमएलने घातलेला स्क्रिप्ट टॅग ब्राउझर चालवत नाही, असा एचटीएमएलचा नियमच आहे. त्याऐवजी इमेज टॅग द्या, सोर्समध्ये नुसता एक्स आणि ऑनएररमध्ये अलर्ट. इमेज लोड होत नाही, ऑनएरर चालतो, अलर्ट येतो. म्हणजे धोका पहिल्यापासून होता, चाचणी चुकीची होती. नुसता मजकूर दाखवायचा असेल तर टेक्स्ट-कंटेंट वापरा. एचटीएमएल लागतच असेल तर धोकादायक भाग काढणाऱ्या डॉम-प्युरिफाय लायब्ररीतून गाळून घ्या. रेगेक्सने (मजकुरातला नमुना शोधून) स्क्रिप्ट टॅग काढून टाकणारं घरगुती फंक्शन कृपया लिहू नका. इमेजवाली युक्ती त्यातून आरामात निसटते.

अर्थात स्कॅनरही उगाच ओरडतात. ऑब्जेक्टच्या पुढे चौकटी कंसात व्हेरिएबल दिसलं की सिक्युरिटी प्लगइनचा ऑब्जेक्ट इंजेक्शनचा नियम वाजतो, मग तो साध्या लूपमधला काउंटर का असेना. वैतागून लोक नियमच बंद करतात, आणि त्यात एखादं खरं प्रकरण निसटतं. कंसातली 'की' (प्रॉपर्टीचं नाव) युजरच्या रिक्वेस्टमधून येत असेल आणि त्यावर पुढे काही लिहिलं जात असेल, तर कुणीतरी 'की' म्हणून 'प्रोटो' (दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर लावून) पाठवून सगळ्याच ऑब्जेक्ट्सवर आपली प्रॉपर्टी चिकटवू शकतो. तिथे साध्या ऑब्जेक्टऐवजी मॅप वापरा किंवा परवानगीच्या 'की' ठरवून द्या. ईएसलिंटचे नियम एका जागचं वाक्य बघतात, ती किंमत आली कुठून हे त्यांना कळत नाही. कोडक्यूएलसारखं टूल युजरच्या इनपुटपासून धोक्याच्या फंक्शनपर्यंतचा माग काढतं, म्हणून अशा ठिकाणी त्याचा शब्द जास्त वजनदार. नियम गप्प करायचाच असेल तर त्या एका ओळीपुरता करा आणि डिसेबल कमेंटमध्ये दोन डॅश देऊन कारण लिहा. सबंध फाइलच्या डोक्यावरची डिसेबल कमेंट रिव्ह्यूमध्ये सरळ परत पाठवावी.

पॅकेजमधल्या त्रुटी दाखवणाऱ्या एनपीएम ऑडिट कमांडवर भिस्त ठेवणाऱ्यांनी २०१८ चं इव्हेंट-स्ट्रीम प्रकरण आठवावं. पॅकेज नव्या मेंटेनरकडे गेलं, त्याने फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाची डिपेंडन्सी (सोबत येणारं दुसरं पॅकेज) जोडली, आणि तिच्यात कोपे या बिटकॉइन वॉलेटवर डोळा ठेवून लिहिलेला कोड निघाला. सप्टेंबरमध्ये शिरलेला प्रकार नोव्हेंबरमध्ये उघडकीस आला. ऑडिट फक्त आधीच नोंदल्या गेलेल्या त्रुटींशी तुमची यादी ताडून बघतं. पॅकेजचा कोड ते वाचत नाही, आणि ईएसलिंट तर नोड-मॉड्यूल्समध्ये, म्हणजे पॅकेजेस उतरतात त्या फोल्डरमध्ये, शिरतच नाही. म्हणून लॉकफाइलमधला (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलमधला) फरक रिव्ह्यूमध्ये खरोखर वाचा, बिल्डमध्ये एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएमची सीआय कमांड (लॉकफाइलप्रमाणेच इन्स्टॉल करणारी) वापरा, इन्स्टॉल स्क्रिप्ट्स शक्य तिथे बंद ठेवा, आणि काल आलेली आवृत्ती आजच ओढून घ्यायची घाई करू नका.

ऑडिट फिक्सला फोर्स लावणं ही आणखी एक सवय. त्याने मेजर आवृत्त्याही बदलतात. शुक्रवारी संध्याकाळी तर हात लावूच नका.

एपीआय की (सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) चुकून कमिट झाली आणि पुढच्या कमिटमध्ये काढली, तरी ती गिटच्या इतिहासात राहतेच. आधी की रद्द करून नवी काढा, साफसफाई मागाहून. अशा किल्ल्या शोधणारं गिटलीक्स टूल पूर्ण इतिहासावर चालवा, कारण पाइपलाइनमध्ये पुष्कळदा फक्त शेवटचं कमिट उतरवलेलं असतं.

आणि एक प्रकार यातल्या कुठल्याच टूलच्या हाती लागत नाही. लॉगिन केलेला युजर यूआरएलमधला ऑर्डर नंबर बदलतो आणि दुसऱ्याची ऑर्डर दिसते. कोड स्वच्छ, व्याकरण बरोबर, फक्त मालकी तपासलेली नाही. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या २०२१ च्या मोठ्या धोक्यांच्या यादीत परवानग्यांमधली ही ढिलाई पहिल्या क्रमांकावर होती. यासाठी स्वतःच टेस्ट लिहावी लागते: दोन युजर तयार करा, दुसऱ्याच्या टोकनने पहिल्याची ऑर्डर मागा, आणि ४०३ (परवानगी नाही) किंवा ४०४ (सापडलं नाही) आलं नाही तर बिल्ड पाडा.