डॅमेज मोजताना या चुका टाळा, नाहीतर अर्धा गेम भांडणातच जाईल

डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, डाइस टाकून खेळायचा काल्पनिक साहसांचा गेम) खेळणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक असा असतोच की त्याला शीटवर, म्हणजे आपल्या पात्राच्या माहितीच्या कागदावर, दिसेल तो प्लस उचलून डॅमेजमध्ये, म्हणजे घावाने होणाऱ्या नुकसानाच्या आकड्यात, टाकायचा असतो. फोंड्याला आम्ही पावसाळ्यात रविवारी खेळतो, एकाच्या घरी ओसरीवर, डाइस स्टीलच्या ताटात टाकतो आणि ताट वाजलं की आतून आजी विचारते काय सांडलं रे. तिथे राक्षसांपेक्षा जास्त मारामारी ‘हा बोनस लागतो की नाही’ यावरच होते. त्यामुळे एकच गोष्ट धरून चला, बोनस कुठल्या शब्दाला बांधलाय ते आधी बघा आणि मगच बेरीज करा.

सगळ्यात जास्त घोळ क्रिटिकलचा, म्हणजे अटॅकच्या डाइसवर २० पडून बसलेल्या जबर घावाचा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या फिफ्थ एडिशनमध्ये क्रिटवर डाइस डबल होतात, मॉडिफायर (डाइसवर मिळवायचा ठरलेला आकडा) नाही. पाचव्या लेव्हलचा रोग (Rogue, लपूनछपून मारणारं पात्र) रेपियर तलवारीने मारतोय, १डी८ (आठ बाजूंचा एक डाइस) अधिक ४ आणि स्नीक अटॅकचे, म्हणजे बेसावध घावाचे जादा, ३डी६, तर क्रिटला २डी८, ६डी६ आणि ते ४ एकदाच. स्नीक अटॅकचे डाइस डबल होतात हे बरेच जण विसरतात आणि उलट ४ चे ८ करून बसतात. पाथफाइंडर या तसल्याच दुसऱ्या गेमच्या सेकंड एडिशनवाल्यांनी मात्र हे इथेच सोडावं, तिकडे क्रिटला मॉडिफायरसकट सगळं डबल होतं, फक्त डेडलीसारख्या शस्त्राच्या गुणांचे, क्रिटमुळेच मिळणारे डाइस डबल झाल्यावर वरून टाकायचे. तिकडे आणखी एक भानगड म्हणजे एकाच टाइपचे बोनस एकमेकांवर चढत नाहीत, म्हणजे ब्लेस या मंत्राचा स्टेटस टाइपचा प्लस १ आणि बार्डच्या गाण्याचा प्लस १ स्टेटस मिळून अटॅकला प्लस १ च.

दुसरं, मेली म्हणजे जवळून, रेंज्ड म्हणजे लांबून, पण ‘मेली वेपन अटॅक’ आणि ‘मेली वेपनने केलेला अटॅक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हँडॅक्स (छोटी कुऱ्हाड) मेली वेपन आहे पण फेकली की तो रेंज्ड अटॅक झाला. फिफ्थ एडिशनच्या २०१४ च्या नियमांत रेजचा (बार्बेरियन या रांगड्या लढवय्या पात्राच्या संतापाचा) डॅमेज बोनस स्ट्रेंथने केलेल्या मेली अटॅकलाच, त्यामुळे फेकलेल्या कुऱ्हाडीला काही नाही. डॅगर फेकला तर स्नीक अटॅक मात्र चालतो कारण तिथे अट फिनेस (चपळाईने चालवता येणाऱ्या) किंवा रेंज्ड वेपनची आहे, आणि डॅगरवर फिनेस लिहिलेलंच आहे (अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे दोनदा टाकून मोठा आकडा घेणं, किंवा टार्गेटजवळ तुमचा मित्र, ही अट वेगळी, ती पण लागतेच). आणि हो, स्नीक अटॅक ‘टर्नला एकदा’ आहे, राउंडला (सगळ्यांची एकेक टर्न) नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या टर्नमध्ये ऑपर्च्युनिटी अटॅक (शत्रू जवळून निसटताना मारायची संधी) मिळाला तर परत लागू शकतो. डीएम (डंजन मास्टर, गेम चालवणारा) चिडेल, चिडू दे.

लाँगसोर्ड दोन हातांनी धरली म्हणून ती हेवी होत नाही. ती व्हर्सटाइल (एका किंवा दोन हातांनी चालणारी), १डी१० मिळेल तेवढंच, ग्रेट वेपन मास्टर या खास कौशल्याला ‘हेवी’ लिहिलेलं शस्त्र लागतं म्हणजे ग्रेटसोर्ड किंवा ग्रेटअ‍ॅक्स घ्या. आणि दोन हातांनी धरलीत की ड्युएलिंगचा (एका हातात एकच शस्त्र घेऊन लढायच्या स्टाइलचा) प्लस २ पण गेला. ड्युएलिंगला ढाल चालते, ढाल वेपन नाही.

रेझिस्टन्स (एखाद्या टाइपचं डॅमेज अर्धं लागणं) शेवटी लावायचा, सगळं जोडून-वजा करून झाल्यावर, आणि प्रत्येक डॅमेज टाइपला वेगळा. समजा रेजमधल्या बार्बेरियनला आगीच्या तलवारीचा घाव बसला, ११ स्लॅशिंग (कापण्याचं) आणि ७ फायर, आणि रेजमध्ये रेझिस्टन्स स्लॅशिंगला आहे, फायरला नाही. स्लॅशिंग अर्धं, खाली राउंड करून ५, फायर पूर्ण ७, एकूण १२. आमच्याकडे बार्बेरियनवाला आधी १८ करून अर्धे ९ घ्यायचा, आणि डीएम आपला मान हलवायचा बिचारा. दोन ठिकाणांहून स्लॅशिंगचा रेझिस्टन्स मिळाला तरी पाव होत नाही, एकदाच अर्धं.

ऑफ-हँडच्या, म्हणजे दुसऱ्या हातातल्या शस्त्राच्या, बोनस अ‍ॅक्शन अटॅकला डॅमेजमध्ये मॉडिफायर नसतो, दोन शस्त्रांनी लढायची स्टाइल घेतली नसेल तर. एवढंच.

आता सगळ्यात त्रासदायक. फोनवर एकाकडे नियमांचं २०१४ चं पुस्तक आणि दुसऱ्याकडे २०२४ चं, वीज गेल्यावर अंधारात दोघं आपापलं वाचून दाखवतात आणि दोघंही बरोबर असतात! जुन्या ग्रेट वेपन मास्टरमध्ये अटॅकला वजा ५ घेऊन डॅमेजला प्लस १०, नव्यात तो सौदाच नाही, प्रोफिशन्सी बोनस (लेव्हलप्रमाणे वाढणारा प्लस) डॅमेजमध्ये मिळतो. रेजचं पण तसंच, नव्यात स्ट्रेंथने कुऱ्हाड फेकली तरी बोनस लागतो. म्हणून पहिल्या सेशनलाच डीएमने वर्ष सांगून टाकावं, आणि प्रत्येकाने शीटवर एकूण आकडा न लिहिता डाइस, मॉडिफायर आणि डॅमेज टाइप असं वेगवेगळं लिहावं.