हॅलोवीनला दारात जुनी पुस्तकं मांडताना

अमेरिकेत हॅलोवीनला मुलं सोंगं घेऊन दारोदार कँडी मागत येतात. त्यांना कँडीबरोबर एखादं जुनं पुस्तकही द्यायचं असेल, तर आधी एक गोष्ट पक्की करा: कँडी बंद करायची नाही. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी भूत नाहीतर चेटकीण बनून आलेल्या पोराच्या पिशवीत नुसतं पुस्तक टाकलं, तर त्याचं तोंड उतरतं आणि राग पुस्तकावर निघतो. ‘कँडी हवी की पुस्तक?’ हेही विचारू नका. पाच वर्षांचं मूल काय म्हणणार, हे सांगायला ज्योतिषी नको. कँडी द्या, मग टेबलाकडे बोट दाखवून सांगा, ‘तिथलं एक पुस्तकही घे.’

जमवाजमव सप्टेंबरात सुरू करा. अमेरिकेतल्या बऱ्याच गावांत लायब्ररीचा जुन्या पुस्तकांचा सेल लागतो आणि शेवटच्या दिवशी पुष्कळदा पिशवीवर भाव असतो: ठरलेल्या पैशांत मावतील तेवढी पुस्तकं. त्याच दिवशी जा. गेल्या हॅलोवीनला जेवढी मुलं आली, तेवढी पुस्तकं घ्या. सगळी उचलली जाणार नाहीत, पण शेवटी येणाऱ्यालाही निवडायला काहीतरी उरलं पाहिजे.

घेताना दयामाया नको. कुबट वास आला की पुस्तक तिथेच ठेवा. ‘उन्हात ठेवा, वास जातो’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. बुरशी पानांत मुरलेली असते, आणि दमट खोक्यात ती शेजारच्या पुस्तकांनाही धरते. १९८५ च्या आधी छापलेली घेऊ नका, जुन्या शाईत शिसं असू शकतं. बटण दाबलं की गाणारी पुस्तकं घेणार असाल, तर बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू घट्ट आहे ना ते बघा. बटण-सेल गिळला तर मुलाच्या जिवावर बेतू शकतं. आणि शाळेची क्रमिक पुस्तकं, जुने विश्वकोश? ती रद्दी. दुसऱ्याच्या पोराच्या गळ्यात मारू नका.

किमतीचं स्टिकर नखाने खरवडलं की कव्हर फाटतं. हेअर ड्रायरची गरम हवा अर्धा मिनिट द्या आणि कोपऱ्यातून सावकाश ओढा. आत कुणाचं नाव असेल तर त्यावर कोरं लेबल चिकटवा.

आता मांडणी. बहुतेकांचं इथेच फसतं, कारण ते खोक्यात पुस्तकं उभी भरतात. मूल दारात जेमतेम दहा सेकंद थांबतं, मागे रांग असते, तोंडावर मुखवटा, हातात पिशवी. अशात ते पुस्तकांचे कणे वाचत बसणार नाही. सहा फुटी टेबलावर वीस-पंचवीस पुस्तकं कव्हर वर करून पसरा आणि बाकीची टेबलाखाली ठेवा. एक गेलं की लगेच तिथे दुसरं ठेवा. रिकाम्या जागा दिसल्या की उरलेला माल गाळ वाटतो.

‘४ ते ७ वर्षं’ असल्या पाट्या लावू नका. नऊ वर्षांचं एखादं मूल अजून सोपी पुस्तकं वाचत असेल, तर मित्रांदेखत त्या पाटीकडे हात नेणार नाही. जाड पुठ्ठ्याची बाळपुस्तकं पुढच्या काठाला, चिमुरड्यांच्या हाताला येतील अशी, चित्रपुस्तकं मधे, कॉमिक्स आणि जाडी पुस्तकं मागे. भीतीदायक कव्हरं तर अगदी मागेच. उंचीनुसार वाटणी आपोआप होते. मालिकेतलं सुटं चौथं पुस्तक चालेल, पण प्रत्येक भागात स्वतंत्र गोष्ट असेल तरच.

पोर्चच्या पिवळ्या दिव्यात कव्हरं दिसत नाहीत. टेबलाच्या वर पांढरा एलईडी लावा, मुलांच्या डोळ्यांवर येणार नाही असा. आत मेणबत्ती लावलेला कोरीव भोपळा टेबलावर नको. झगे लांब असतात आणि कागद पेटायला वेळ लागत नाही. पाऊस असेल तर टेबल गॅरेजच्या तोंडाशी आत घ्या.

मूल कव्हर चाळत असताना ‘हे छान आहे बघ’ म्हणू नका. त्याने चुकीचं उचललं असं वाटलं, तरी नेऊ द्या. आईबाबा मागून ‘माझ्या धाकट्यासाठी एक घेऊ का?’ विचारतील, द्या.

मराठी पुस्तकं या टेबलावर ठेवू नका, ती मराठी शाळेतल्या मुलांना द्या. उरलेली इंग्रजी पुस्तकं दुसऱ्याच दिवशी जवळच्या लिटल फ्री लायब्ररीच्या पेटीत (रस्त्याकडेची, कुणीही फुकट पुस्तक न्यावं-ठेवावं अशी पेटी) टाका, पण पेटीत मावतील तेवढीच.