डिलोडचा आठवडा आधीच ठरवून ठेवा, अंग बोलेपर्यंत थांबू नका

दर ५-६ आठवड्यांनी एक हलका आठवडा, म्हणजे डिलोड, घ्यायचा हे जिममध्ये सगळ्यांना ऐकून माहितीये, पण घेत कोणी नाही, कारण काय तर "मसल जाईल की ओ". नाही जात. ताकद उतरायला काहीच न करता दोन-तीन आठवडे बसावं लागतं आणि इथं तर आपण जिम बंद पण करत नाहीये.

करायचं असं. दिवस तेच, व्यायाम तेच, सेट अर्धे आणि वजन पण थोडं उतरवायचं. समजा स्क्वॉट ८० किलोवर ६ रेपचे ४ सेट (म्हणजे एका दमात ६ वेळा, असं ४ वेळा) चाललेत तर त्या आठवड्यात ६० वर ५ चे २ सेट, शेवटचा रेप पण पहिल्यासारखाच सुटसुटीत गेला पाहिजे. अर्ध्या तासात काम संपतं, घाम पण नीट येत नाही, आणि मग आलोच आहोत तर जरा बायसेप मारू म्हणून लोक डंबेल उचलतात, तिथंच सगळं बिघडतं. बॅग उचला आणि घरी जा. लईच चैन पडत नसेल तर संध्याकाळी आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकडं चालून या.

हे कशासाठी तर स्नायू लवकर तयार होतात पण टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना, रक्तपुरवठा कमी, ते मागे राहतात, म्हणून दंड भरलेले दिसतात आणि कोपर मात्र ठणकत असतं.

आपल्याकडं वेळ ठरवणं सोपंय. जानेवारीत गड्डा यात्रा, तेव्हा होम मैदानावर चक्कर होणारच, तो आठवडा हलका धरा. दुसरा मे महिन्यात, पारा ४२-४३ ला आणि रात्री धड झोप नाही, पत्र्याच्या शेडखालच्या जिममध्ये तेव्हा जड डेडलिफ्ट मारून काय मिळणारे? मधले आपले आपण मोजून टाका. नवीन पोरांना पहिले तीन-चार महिने याची गरज नाही, आणि ज्याचे लग्न-वास्तुशांतीत निम्मे दिवस बुडतात त्याचा डिलोड आपोआपच होतोय.

खाणं कमी करू नका, प्रोटीन तर अजिबात नको. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ च्या आसपास प्रोटीन असतं खरं, पण जवळपास निम्मं फॅट, त्यामुळे भाकरी आणि शेंगाचटणीवर भागत नाही, सोबत अंडी, दही, मटकी पाहिजे.

पुढच्या सोमवारी डिलोडआधी जे वजन चालू होतं तिथूनच सुरू करा, फ्रेश वाटतंय म्हणून लगेच मॅक्स, म्हणजे एकदाच उचलता येईल एवढं जास्तीत जास्त वजन, काढायला जाऊ नका. आणि आठवडाभर हलकं करूनही तोच खांदा तसाच दुखत असेल तर तो थकवा नाही, डॉक्टरला दाखवा.