मजकूर आला, ब्रेडक्रम्ब मागे राहिला: डॉक्युमेंटेशन व्ह्यूअरमधल्या या चुका टाळा

डॉक्युमेंटेशनचं पान उघडतं, मजकूर दिसतो, आपण पहिली ओळ वाचायला घेतो आणि तेवढ्यात सगळं पान खाली सरकतं. वर ‘मुखपृष्ठ › एपीआय › नेटवर्क › टाइमआउट’ अशी पट्टी, म्हणजेच ब्रेडक्रम्ब, उशिरा उगवलेली असते. चार-पाच शब्दांच्या या पट्टीचा वेग तपासावा असं सहसा कुणाच्या मनातही येत नाही. पण सर्च इंजिनमधून थेट मधल्याच पानावर उतरलेल्या वाचकाला आपण नेमके कुठे आहोत हे सांगणारी हीच पहिली खूण असते. तीच सगळ्यात शेवटी यावी, हे मला पटत नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक साधी चाचणी करा. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये जावास्क्रिप्ट बंद करून पान पुन्हा उघडा. पट्टी दिसली, तर ती एचटीएमएलमध्येच आहे. दुखणं बिल्डमध्ये (मूळ मजकुरापासून पानं तयार करण्याच्या प्रक्रियेत) किंवा रुंदीच्या हिशेबात शोधा. गायब झाली, तर ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये बनते आहे, आणि बहुतेक वेळा खरी चूक तीच असते. पान अनुक्रमणिकेत कुठे बसतं हे बिल्ड करतानाच ठरलेलं असतं. मग ते वाचकाला ताटकळत ठेवून पुन्हा शोधायचं कशाला?

दर पानासाठी अख्खं झाड पिंजून काढणं

नेहमी दिसणारा कोड असा: अनुक्रमणिकेच्या ट्रीच्या, म्हणजे झाडासारख्या फांद्या फुटलेल्या रचनेच्या, मुळापासून सुरुवात, एकेक फांदी बघत चालू पान सापडेपर्यंत शोध, आणि मुळापासून त्या पानापर्यंतच्या वाटेवरच्या नोड्सचा (झाडातल्या एकेका नोंदीचा) झाला ब्रेडक्रम्ब. वीस पानांच्या नमुन्यावर हे झटकन चालतं. २०,००० पानं असली की एका पानासाठी सरासरी १०,००० नोड्स तपासावे लागतात, म्हणजे पूर्ण बिल्डमध्ये २० कोटी तुलना. त्याऐवजी ट्री एकदाच फिरा आणि प्रत्येक पानासमोर त्याचा पालक (लगेच वरचं पान) कोण एवढं एका मॅपमध्ये, म्हणजे जोड्यांच्या यादीत, लिहून ठेवा. मग पानापासून वर चढत जायचं. पाच पातळ्या धरल्या तरी सगळ्या पानांचं मिळून काम एक लाख पावलांचं.

यात दोन खाचखळगे आहेत. एकच पान अनुक्रमणिकेत दोन ठिकाणी असेल, तर मॅपमध्ये नंतरचा पालक आधीच्याला पुसून टाकतो आणि ब्रेडक्रम्ब भलतीच वाट दाखवतो. अशा पानाचा मुख्य पालक कोणता हे लेखकालाच ठरवू द्या. दुसरा खळगा जास्त वाईट: कुणी चुकून ‘अ’ला ‘ब’खाली आणि ‘ब’ला ‘अ’खाली टाकलं, तर वर चढणारा लूप कधीच थांबत नाही. ब्राउझरमध्ये टॅब गोठतो, सर्व्हरवर प्रोसेस अडकते. भेट दिलेल्या नोड्सची नोंद ठेवा आणि चक्र सापडताच बिल्ड फेल करा. नुसती वॉर्निंग दिली तर ती कुणी वाचत नाही.

स्फिंक्स हे डॉक्युमेंटेशन बनवायचं साधन वापरत असाल तर हा शोध लिहायची गरजच नाही. टेम्प्लेटला ‘पेरेंट्स’ ही यादी वरून खाली अशा क्रमाने तयार मिळते. फक्त एक लक्षात ठेवा. इन्क्रिमेंटल बिल्डमध्ये (फक्त बदललेली पानं पुन्हा बनवणाऱ्या बिल्डमध्ये) पालक पानाचं शीर्षक बदललं, तरी खालची न बदललेली पानं पुन्हा लिहिली जातीलच असं नाही, आणि त्यांच्या पट्टीत जुनंच नाव राहतं. प्रकाशित करताना पूर्ण बिल्ड घ्या.

पाच शब्दांसाठी मोठी फाइल

साइडबारसाठी अख्ख्या अनुक्रमणिकेची जेसॉन (डेटाची) फाइल उतरवली जाते आणि ब्रेडक्रम्बही तिच्याच भरवशावर बसतो. फाइल उतरून पार्स होईपर्यंत पट्टी कोरी. साइडबारला थांबू द्या, पट्टीला नको. पानं डेटाबेसमधून येत असतील तर उलटी चूक दिसते: एक पालक मागवा, तो आला की त्याचा पालक मागवा. एका फेरीला ८० मिलिसेकंद धरले तर पाच पातळ्यांना ४००. एसक्यूएलमधली ‘विथ रिकर्सिव्ह’ क्वेरी पूर्ण वाट एकाच फेरीत आणते. मायएसक्यूएलमध्येही ती ८.० पासून, म्हणजे २०१८ पासून आहे.

लांब नावं कापताना होणारा खोळंबा

एपीआय संदर्भात नावं लांबलचक असतात, म्हणून मधले टप्पे लपवणारा कोड लिहिला जातो: रुंदी मोजा, एक टप्पा लपवा, पुन्हा मोजा, पुढचा लपवा. इथे प्रत्येक मोजणीआधी ब्राउझरला लेआउट (पानाची मांडणी) नव्याने करावा लागतो, कारण आपण नुकताच तो बिघडवलेला असतो. पानावर मोठे तक्ते आणि कोडचे ठोकळे असतील तर हे महागात पडतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. सगळ्या रुंदी आधी एकदम वाचा, बेरीज जावास्क्रिप्टमध्ये करा, मग जे लपवायचं ते एकदम लपवा. त्याहून बरं म्हणजे शेवटाला तीन टिंबं देण्याचं काम सीएसएसवरच सोपवा.

पट्टीची उंचीही आधीच राखून ठेवा. पान किती हलतं हे मोजणाऱ्या सीएलएसच्या नुसत्या आकड्यावर विसंबू नका. ०.१ पर्यंतचा आकडा चांगला मानतात, पण क्लिक केल्यानंतरच्या ५०० मिलिसेकंदांत झालेली हालचाल त्यात धरलीच जात नाही. व्ह्यूअर सिंगल पेज ॲप (पूर्ण पान पुन्हा न उघडता मजकूर बदलणारं) असेल तर आकडा निर्दोष राहू शकतो आणि वाचकाचं पान मात्र दर क्लिकला हलतं. स्क्रीन रेकॉर्ड करून डोळ्यांनीच बघा.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी. प्रत्येक टप्प्यावर भावंड पानांचा ड्रॉपडाउन असेल, तर त्यातल्या शेकडो लिंक लपवून आधीच पानात भरू नका, उघडल्यावर बनवा. आणि पट्टी कॅशमध्ये साठवत असाल तर ती ज्या नावाने साठवता त्या की मध्ये पानाच्या पत्त्यासोबत आवृत्ती आणि भाषाही घाला. नाहीतर जुन्या आवृत्तीच्या पानावर नव्या आवृत्तीची वाट दिसते आणि तिथून क्लिक करणारा वाचक नकळत दुसऱ्याच आवृत्तीत जाऊन पडतो.

हे पुन्हा बिघडू नये म्हणून बिल्डच्या शेवटी एक टेस्ट ठेवा: सगळ्यात खोल पातळीवरचं पान उचला आणि त्याच्या कच्च्या एचटीएमएलमध्ये पूर्ण वाट आहे का ते तपासा.