लसीकरणाच्या दिवशी या चुका टाळा

दीड महिन्याच्या बाळाला एकाच दिवशी तीन सुया लागतात: मांड्यांवर पेंटा (पाच रोगांची एकच लस) आणि पीसीव्ही (न्यूमोनियाची), दंडावर एफ-आयपीव्ही (पोलिओची). त्या चुकणार नाहीत. पण लसीकरणाच्या सत्रात जो आकांत ऐकू येतो, त्यातला बराचसा मोठ्या माणसांच्या घाईमुळे असतो.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे बाळाला टेबलावर उताणं पाडून हातपाय दाबून धरणं. एका सत्रात एका आजींनी नातवाचे गुडघे असे आवळले होते की सुई टोचायच्या आधीच पोर रडून लालबुंद झालं. ‘‘सिस्टर, टोचा पटकन, मी घट्ट धरलंय!’’ रांगेतल्या बायाही ‘‘उरका, उरका’’ म्हणत होत्या. मांडी दगडासारखी ताठ झालेली, आणि अशा आवळलेल्या स्नायूत सुई जास्त दुखते. मी सिरिंज बाजूला ठेवली, आईला खुर्चीत बसवलं, बाळाला पदराखाली घ्यायला लावलं. थोड्या वेळात पाय सैल पडले. पेंटाला ते जेमतेम कण्हलं, पीसीव्हीला रडलं आणि पुन्हा दुधाला लागलं.

माझ्या टेबलापाशी बाळ आईच्या मांडीवरच असतं, आणि ते नीट चोखू लागल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये हेच सांगितलं: आईने कुशीत धरावं, अंगावर पाजावं, आणि जास्त झोंबणारी लस शेवटी द्यावी. याला वेळ लागतो ही तक्रार मला पटत नाही. तो वेळ नंतर रडणं थांबवण्यात जातोच.

दुसरी चूक घरी होते. ‘‘मस्ती केलीस तर सिस्टरकडून सुई देईन’’ अशी धमकी वर्षभर द्यायची, आणि पाच वर्षांच्या डीपीटी बूस्टरला (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या वाढीव डोसाला) आणताना ‘‘नुसते थेंब आहेत’’ म्हणायचं. मग सुई दिसताच मूल दार धरून बसतं, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही. खरं सांगा, पण निघताना सांगा, आठवडाभर आधी नको: टोचेल, थोडं दुखेल, मग थांबेल. मी अशा मुलांना लांब फुंकर मारायला लावते आणि श्वास सुटत असताना टोचते.

टोचलेली जागा चोळू नका. हळद, तेल, बाम नको. बीसीजीच्या (क्षयाच्या लसीच्या) फोडाला तर हातच लावू नका. ‘‘कुल्ल्यावर द्या, तिथे मांस जास्त’’ असा आग्रह धरू नका, तिथे मोठी नस (मज्जातंतू) असते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. ताप येईल म्हणून पॅरासिटामॉल आधीच पाजू नका. ताप आला तर वजनाप्रमाणे सांगितलेला डोसच द्या.

नव्या सिस्टरांनो, सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का पाहणं सोडा. लसीला त्याची गरज नाही, आणि सुई तेवढा जास्त वेळ आत हलत राहते.

आणि आयांनो, टोचून झालं म्हणून दूध मध्येच तोडू नका. तसंही अर्धा तास केंद्रात थांबायचंच आहे.